अमेरिकेतील कायद्याचे शिक्षण आणि भारतीय पदवी

ग्वाल्हेरचे लष्कर हे दौलतराव शिंदे यांच्या छावणीतून १८१० च्या सुमारास वसले. तेथील खासगी बाजारासारख्या वस्तीत वाढलेल्या मराठी पदवीधराने अमेरिकेत कायदा शिकण्याचे मनात आणले, तर त्याचा पहिला प्रश्न असतो: आपली पदवी तेथे चालेल काय?

या प्रश्नास इतिहासाचे उत्तर उत्साहवर्धक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, ते मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. पदवीच्या आधारे. १९१५ मध्ये त्यांनी तेथे एम. ए. पूर्ण केले. मात्र त्यांचा अमेरिकेतील विषय अर्थशास्त्र होता. बॅरिस्टर ते लंडनच्या ग्रेज इनमधून १९२२ मध्ये झाले. शिक्षण कोठे घ्यावयाचे हे वकिली कोठे करावयाची यावर अवलंबून असते, हा बोध आजही लागू आहे.

दोन अभ्यासक्रम

अमेरिकेत कायद्याचे मूळ शिक्षण पदवीनंतर सुरू होते. जे. डी. हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम कोणत्याही शाखेच्या पदवीधरास खुला असतो. एलएल. एम. हा साधारणतः एक वर्षाचा असून तो आधीच कायद्याची पदवी घेतलेल्यांसाठी आहे. भारतातील तीन वर्षांची बी. ए. किंवा बी. कॉम. पदवी पुरेशी मानावयाची की नाही, हे प्रत्येक विद्यालय स्वतः ठरविते. म्हणून शुल्क भरण्यापूर्वी तशी लेखी विचारणा करणे हितावह होय.

गुणपत्रिकांचे मूल्यमापन

जे. डी.साठीचे अर्ज बहुधा लॉ स्कूल ॲडमिशन कौन्सिल या संस्थेमार्फत जातात. परदेशी गुणपत्रिका विद्यार्थ्याने स्वतः पाठवून चालत नाही. त्या विद्यापीठाकडूनच थेट याव्या लागतात. ग्वाल्हेरच्या विद्यार्थ्यास त्यासाठी, उदाहरणार्थ, १९६४ मध्ये स्थापन झालेल्या जिवाजी विद्यापीठाकडे अर्ज करावा लागेल. कागदपत्र हिंदीत असल्यास इंग्रजी भाषांतर जोडावे. पारपत्र आणि गुणपत्रिका यांवरील नावाचे इंग्रजी स्पेलिंग जुळते की नाही, हे आधीच तपासावे.

भारतात साठ टक्के गुण म्हणजे प्रथम वर्ग. अमेरिकेत तोच आकडा सामान्य वाटतो. ही विसंगती टाळण्यासाठी मूल्यमापनात परदेशी गुणांचे थेट रूपांतर न करता कामगिरीची श्रेणी शब्दांत नमूद केली जाते. त्यामुळे कमी दिसणाऱ्या टक्क्यांमुळे हताश होण्याचे कारण नाही.

परीक्षा व वेळापत्रक

एलसॅट या प्रवेशपरीक्षेत तर्कशुद्ध विचार आणि आकलन यांची कसोटी लागते. गुण १२० ते १८० या पट्टीवर दिले जातात. ऑगस्ट २०२४ पासून कोड्यांच्या स्वरूपाचा विभाग वगळण्यात आला आहे. जुन्या पुस्तकांवरून तयारी करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. शिफारसपत्रे व स्वतःविषयीचे निवेदनही लागते. अनेक विद्यालये अर्ज येतील त्या क्रमाने विचारात घेतात; म्हणून तयारी किमान वर्षभर आधी सुरू करावी.

खर्च आणि परतीचा मार्ग

अमेरिकन केंद्र सरकारची विद्यार्थी कर्जे सामान्यतः परदेशी विद्यार्थ्यांस मिळत नाहीत आणि व्हिसासाठी आर्थिक क्षमता दाखवावी लागते. घर गहाण टाकून कर्ज काढण्यापूर्वी कुटुंबाने परतीचाही विचार करावा. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत वकिलीसाठी जे. डी. लागते, न्यूयॉर्कसारख्या काही राज्यांत परदेशी विधी पदवीधरांस विशिष्ट अटींवर परीक्षेस बसता येते. भारतात वकिलीची सनद हवी असल्यास त्या विद्यापीठाच्या पदवीस बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता असावी लागते आणि कौन्सिलची पात्रता परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते. केवळ अमेरिकन एलएल. एम.च्या बळावर ही सनद मिळत नाही.

तात्पर्य, भारतीय पदवी ही अडसर नव्हे. योग्य अभ्यासक्रमाची निवड, वेळेवर पाठविलेली कागदपत्रे आणि पुढे वकिली कोठे करावयाची याचा आधीच केलेला निर्णय, या तीन गोष्टी साधल्या तर खासगी बाजारातील विद्यार्थ्यासही ही वाट मोकळी आहे.