गंजलेल्या डिस्कला घरच्या घरी रंग : आधी पारख, मग ब्रश

पावसाळा सरला की माल वाहणाऱ्या गाड्यांच्या मालकांना गाडी सजविण्याची आठवण होते. बॉडीला रंग होतो, केबिनमध्ये नवे पडदे लागतात. चाकाच्या लोखंडी डिस्ककडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. गेलेच तर पासिंगच्या आदल्या दिवशी, आणि तेव्हा गंजावरूनच चंदेरी रंगाचा एक हात मारून वेळ भागविली जाते. चार महिन्यांत त्या रंगाचे पापुद्रे सुटतात आणि मालक दुकानदाराला दोष देतो की रंग हलका दिला.

आपल्या वाचकांत कापड, फळे, लाकूड, भंगार, बेकरी अशा धंद्यांतील मंडळी पुष्कळ आहेत व अनेकांच्या दाराशी एखादा टेम्पो किंवा ट्रक उभा असतो. डिस्क रंगविण्याचे काम अंगणात, घरच्या मुलांना हाताशी घेऊन होण्यासारखे आहे. त्याला मोठे यंत्र लागत नाही. परंतु ज्या चाकावर कित्येक टन माल आणि ड्रायव्हर-क्लीनरचा जीव असतो, ते रंगविणे आणि घराची खिडकी रंगविणे यांत फरक आहे. तो फरक समजावा म्हणून हा लेख.

गंज म्हणजे लोखंडावर बसलेली धूळ नव्हे. पाणी आणि हवा यांच्या संगतीने लोखंडच बदलून गंज होते. मूळ लोखंडापेक्षा गंज कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तो फुगतो, सुटतो आणि आपल्या पोकळीत ओल धरून ठेवतो. त्यावर रंग लावला तर रंग लोखंडाला धरत नाही, सुटणाऱ्या गंजाला धरतो. गंज सुटला की रंगही सुटतो. आम्ही कापडाच्या धंद्यातले असल्याने आम्हांस हे चटकन पटते. मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडात खळ असते. ती काढल्याशिवाय कापड रंगात बुडविले तर रंग वरवर बसतो, डाग पडतात आणि पहिल्या धुण्यात उतरतो. जाणता रंगारी रंगविण्यापेक्षा कापड साफ करण्यात जास्त वेळ घालवितो. डिस्कच्या बाबतीतही दहापैकी आठ आणे काम सफाईचे आहे, रंगाचे दोनच आणे.

हवा आधी, पाना नंतर

डिस्क नीट साफ करायची तर टायर उतरविला पाहिजे. गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत, आणि जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणी जाऊ नये. खाली लाकडाचे किंवा लोखंडाचे भक्कम घोडे लावावेत. विटा लावू नयेत, त्या एकाएकी फुटतात.

टायर उतरविण्याचे काम मात्र घरी करू नये, पंक्चरवाल्याकडेच न्यावे. जुन्या ट्रकच्या आणि पुष्कळ टेम्पोंच्या डिस्कला कडेला वेगळी रिंग असते, ती खाचेत बसून टायरला धरून ठेवते. मोठ्या ट्रकच्या टायरमध्ये शंभर पौंडांच्या वर हवा असते. ती रिंग गंजलेली किंवा नीट बसलेली नसली आणि हवा असताना तिला धक्का लागला तर ती तोफेच्या गोळ्यासारखी सुटते. पंक्चरच्या धंद्यात आपली मुले फार आहेत आणि या रिंगने हात, डोळे आणि जीव गेलेले आहेत. म्हणून चाकाचा एकही नट ढिला करण्यापूर्वी वॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडावी. मागच्या जोडचाकांपैकी दोन्हींची सोडावी. पुन्हा हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवावे, नळी लांब ठेवावी आणि भरणाऱ्याने रिंगच्या समोर न राहता बाजूला उभे राहावे. एका डिस्कची रिंग दुसऱ्या बनावटीच्या डिस्कला चालवू नये, मग ती मापात बसल्यासारखी का दिसेना.

याच जागी आणखी एक गोष्ट सांगतो. टायर चढलेला असताना जुना रंग जाळण्यासाठी गॅसची बत्ती डिस्कवर कधीही धरू नये, तसेच वेल्डिंग करू नये. हवा सोडलेली असली तरी नाही. तापलेल्या रबरातून आतल्या आत ज्वालाग्राही वायू तयार होतो आणि टायर फुटतो. कधी बत्ती बंद केल्यावरही फुटतो.

पारख

टायर उतरला की डिस्क आधी साबणाच्या पाण्याने धुवावी. ग्रीस आणि डिझेलचा हात राहिला तर पुढे कोणताही रंग धरणार नाही. समुद्रकिनाऱ्याच्या भागात चालणारी गाडी असेल तर गोड्या पाण्याने दोन वेळा धुवावे. खारी हवा डिस्कवर मीठ सोडते व ते मीठ रंगाखाली राहिले तर गंज पुन्हा डोके वर काढतो.

नंतर वायर ब्रशने सुटा गंज काढावा आणि रंगाचा विचार करण्यापूर्वी डिस्क उन्हात ठेवून सगळीकडून पाहावी. नटाच्या भोकांभोवती, हवा खेळण्यासाठी ठेवलेल्या मोठ्या भोकांच्या कडांना आणि डिस्क व रिम जिथे वेल्ड केलेले असते त्या गोल सांध्यावर नजर विशेष ठेवावी. केसासारखी बारीक, गंजाने लाल झालेली रेघ दिसली तर ती बहुधा तडा असते. नटाच्या भोकातून बाहेरच्या बाजूस किरणांसारखे लाल ओघळ दिसले तर त्याचा अर्थ नट ढिला राहून चाक हलत होते. भोक गोल न राहता लांबट झाले असेल, नट बसण्याची उतरती जागा झिजली असेल, किंवा गंज इतका खोल असेल की खरवडल्यावर पत्रा पातळ लागतो, तर ती डिस्क रंगवू नये. तडा वेल्ड करूनही चालविता येत नाही, कारण वेल्डच्या कडेला नवा तडा जातो. तिची जागा भंगारात आहे आणि तिथेही ती गॅसने कापून टाकावी, म्हणजे कोणी उचलून पुन्हा विकणार नाही.

हे लिहिण्याचे कारण आहे. सेकंड-हँड सामानाच्या बाजारात चकचकीत चंदेरी डिस्का रांगेने मांडलेल्या दिसतात. त्यांतल्या कित्येक खरोखर चांगल्या असतात. काहींचा चकचकाट मात्र लांबी भरून, तडा बुजवून केलेला असतो. घेणारा त्या चाकावर माल लादून घाट उतरतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांची बाजारातली ती घटना आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. धान्याच्या राशीत हात घातल्यावर आत ओल लागली, तेव्हा भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसविणाऱ्याशी आपला संबंध तोडून सांगितला. तिथे तर केवळ पावसाने भिजलेले धान्य होते. इथे रंगाखाली तडा आहे. डिस्क विकणाऱ्या बांधवांनी रंग जरूर द्यावा, पण गिऱ्हाईकाला रंगापूर्वीची डिस्क दाखवावी किंवा तिच्यात काय होते ते तोंडाने सांगावे. ऐब सांगून विकलेल्या मालाचा भाव चार पैसे कमी येतो, तो येऊ द्यावा.

गंज काढणे आणि हिरड्याची गोष्ट

डिस्क निर्दोष ठरली की खरी मेहनत सुरू होते. पापुद्रे पटाशीने खरवडावेत, वायर ब्रश मारावा, नंतर जाड आणि शेवटी बारीक पॉलिश पेपर. ग्राइंडरला वायरचा गोल ब्रश लावला तर काम लवकर होते, पण डोळ्यांवर चष्मा पाहिजेच. त्या ब्रशच्या तारा सुटून उडतात. बरीच डिस्का असतील तर सँडब्लास्टिंग करून आणणे सर्वांत उत्तम. जुन्या गाडीच्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो. घरगुती रंगांतील शिशावर भारतात २०१७ पासून दहा लाख भागांत ९० भागांची मर्यादा आली आहे, पण ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांना आहे, आणि जुन्या डिस्का तर त्याआधीच्याही असतात. म्हणून कोरडे घासू नये, पाणी मारून ओला पॉलिश पेपर वापरावा, नाका-तोंडावर चांगला मास्क बांधावा, लहान मुलांना दूर ठेवावे आणि कचरा पाण्याच्या टाकीजवळ किंवा गटारात न टाकता कागदात गुंडाळून बांधावा.

संडास धुण्याचे ॲसिड ओतून गंज घालविणारे लोक आहेत. तसे करू नये. गंज जातो हे खरे, पण ॲसिड डिस्क आणि रिमच्या सांध्यात शिरते, तिथून धुऊन निघत नाही आणि आतून लोखंड खात बसते.

पत्र्याच्या खळग्यांत रुतलेला थोडा गंज ब्रशने निघत नाही. त्यासाठी बाजारात गंज बदलणारे द्रव मिळतात, ज्यांत फॉस्फोरिक ॲसिड किंवा टॅनिक ॲसिड असते. ते लावल्यावर तांबडा गंज काळा पडतो आणि घट्ट बसतो. ही गोष्ट कापडवाल्यांना नवी नाही. कच्छचे खत्री कारागीर अजरख छापताना कापडाला आधी हिरड्याचे पाणी देतात आणि भंगार लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवून त्याचा काळा रंग छापतात. हिरड्यात तेच टॅनिन असते. लोखंड आणि टॅनिन भेटले की काळे होते. जुन्या काळी लिहिण्याची काळी शाईही हिरडा आणि हिराकस यांची करीत. गंमत अशी की हा लोखंडी काळा रंग सुती कापडाला काही वर्षांनी कुजवितो आणि तोच लोखंडाला काही काळ गंजापासून राखतो. मात्र हे द्रव पापुद्र्यांवर लावू नये. ते उरल्यासुरल्या गंजासाठी आहे, आळशासाठी नाही.

रंग

साफ केलेले उघडे लोखंड दमट हवेत काही तासांतच लाल होऊ लागते. त्यामुळे सफाई आणि प्रायमरचा पहिला हात एकाच दिवशी झाला पाहिजे. मुंबई, भिवंडी, कोकण या पट्ट्यात पावसाळ्यात हे काम काढूच नये. दिवाळी ते होळी हा काळ चांगला. सकाळी दव वाळल्यावर सुरू करावे आणि संध्याकाळी दव पडण्याच्या बरेच आधी थांबावे. हाताला चटका देणाऱ्या तापलेल्या डिस्कवरही रंग लावू नये, तो वरून वाळतो आणि आतून ओला राहतो.

आधी रेड ऑक्साईड किंवा झिंक फॉस्फेटचा प्रायमर, दोन पातळ हात. कडा आणि वेल्डच्या सांध्यावर ब्रशने आधी एक वेगळा हात द्यावा, कारण कडेवरून रंग ओसरतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. त्यावर सिंथेटिक इनॅमलचे दोन हात. एक हात पूर्ण वाळल्यावरच दुसरा. डब्यावर लिहिलेली वेळ पाळावी, घाई करू नये. इनॅमलमध्ये टर्पेंटाईन घालावे. स्प्रे मारणारे कधीकधी एन. सी. थिनर घालतात, त्याने खालचा हात सुरकुततो. डबल पॅकचा इपॉक्सी प्रायमर अधिक टिकतो, पण हार्डनर मिसळल्यावर तो ठरावीक वेळातच संपवावा लागतो व त्याची वाफ अधिक त्रासदायक असते. बंद खोलीत वापरू नये. सोळा इंची सात डिस्कांना, म्हणजे सहा चाके व एक स्टेपनी, साधारण दीड लिटर प्रायमर आणि तितकाच रंग पुरावा.

रंग कोणता, असे विचाराल तर आम्ही काळ्याच्या विरुद्ध आहोत. फिक्या करड्या किंवा पांढऱ्या डिस्कवर नवा तडा, गंजाचा ओघळ, ढिल्या नटाची खूण ड्रायव्हरला चालता चालता दिसते. काळ्यावर काहीच दिसत नाही, हाच त्याचा गुण समजणारे लोक आहेत.

आता जिथे रंग लावू नये त्या जागा. डिस्कची जी सपाट बाजू हबला टेकते ती, जोडचाकांत एक डिस्क दुसरीला टेकते ती, आणि नट बसण्याच्या उतरत्या जागा. या ठिकाणी जाड रंग राहिला की नट आवळताना तो मध्ये दबतो. गाडी चालू लागल्यावर गरमीने आणि भाराने रंग आणखी चेपतो आणि जेवढा चेपतो तेवढा नट ढिला पडतो. चाक निसटते ते असे. तिथे प्रायमरचा एक पातळ हात असला तर असो, त्यावर इनॅमल नको. कागदी टेप लावून त्या जागा झाकाव्यात. रिंग बसण्याच्या खाचेत आणि टायरची कड बसते तिथेही थर साचू देऊ नये, पण तिथला गंज मात्र पूर्ण काढावा, नाहीतर ट्यूब आणि फ्लॅप कापतात व ट्यूबलेस असेल तर हवा गळते.

शेवटचा हात दिल्यानंतर डिस्का निदान दोन-तीन दिवस, जमल्यास आठवडाभर वाळू द्याव्यात. बोटाचे नख रुतत असेल तर टायर चढवू नये. चाक बसविताना हबवरचा गंज ब्रशने काढावा, नट समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळावेत आणि शेवटचा आवळा चाक जमिनीवर टेकल्यावर, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाने द्यावा. पान्याला पाइप लावून दोघांनी उड्या मारणे हे माप नव्हे. नंतर पहिला फेरा रिकामा किंवा हलका मारावा आणि पन्नास ते शंभर किलोमीटरवर थांबून सर्व नट पुन्हा तपासावेत. मालेगावहून मुंबईला निघालेल्या गाडीने हे काम नाशिकच्या आसपास, म्हणजे कसारा घाट सुरू होण्यापूर्वी उरकून घ्यावे.