ऊन वरून, ऊब खालून

सूर्य हा आपल्या उष्णतेचा उगम होय, हे शाळेतील पोरही सांगेल. पण ‘उंचावर गेले म्हणजे सूर्य जवळ येतो, मग पचमढीस उन्हाळ्यात गारवा का?’ असे त्याच पोराने विचारले, तर वडीलधारी मंडळीही घुटमळतात. या प्रश्नाचे उत्तर आम्ही येथे देऊ इच्छितो. कारण ते घरच्या उपयोगाचे आहे.

सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. त्यापुढे हजार मीटरांची चढण ती काय! शिवाय पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या आरंभी, ऐन थंडीत. उन्हाळा होतो तो जवळिकीने नव्हे. पृथ्वीचा आस सुमारे २३.५ अंशांनी कललेला आहे. त्यामुळे त्या दिवसांत आपल्याकडे किरण सरळ पडतात व दिवसही मोठा होतो.

पृथ्वीवर येणाऱ्या उन्हाचे शंभर भाग कल्पिले, तर सुमारे ३० भाग ढग, हवा, बर्फ व जमीन यांवरून परत फिरतात. सुमारे २३ भाग हवा व ढग शोषतात, आणि उरलेले ४७ जमीन व समुद्र घेतात. म्हणजे हवा उन्हाने थोडी व तापलेल्या जमिनीमुळे पुष्कळ तापते. चूल तव्यास तापविते आणि तवा भाकरीस, तसेच हे. जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर चढते, पसरते व निवते. उंचीबरोबर तापमान दर किलोमीटरास सरासरी साडेसहा अंश सेल्सिअस उतरते. पचमढीच्या गारव्याचे मर्म हेच.

तापलेली जमीन डोळ्यांस न दिसणारे किरणही सोडते. हवेतील बाष्प व कार्बन डायऑक्साइड ते शोषतात, हे जॉन टिंडल यांनी १८५९ साली प्रयोगांनी दाखविले. हे पांघरूण नसते, तर पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे १५ अंशांऐवजी उणे १८ अंश असते. पांघरूण हवेच, पण कोळसा व तेल जाळून आपण ते जाड केले आहे. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड सुमारे २८० भाग होता. आज तो ४२० च्या वर आहे.

माळव्याच्या रात्री सुखद म्हणून पूर्वीपासून नावाजलेल्या. उन्हाळ्यात कोरड्या, निरभ्र हवेतून जमिनीची उष्णता रात्री झपाट्याने निघून जाते. परंतु सिमेंटच्या गच्च्या व डांबरी रस्ते दिवसभर ऊन साठवितात आणि रात्रभर परत देतात. वृद्ध, आजारी व तान्ही मुले यांस रात्रीचा विसावा मिळाला नाही, तर दुसऱ्या दिवसाचे ऊन त्यांच्या जिवावर बेतू शकते.

उपाय आपल्या हातचे आहेत. गच्चीस चुन्याची सफेदी दिल्यास बरेचसे ऊन तेथूनच परत फिरते. अंगणातील कडुनिंब सावली देतो, आणि त्याच्या पानांतून निघणारे बाष्प भोवतालची उष्णता वेचून घेते. संध्याकाळी खिडक्या उघडून घर निवू द्यावे. शेजारी एकटे वृद्ध माणूस असेल, तर वैशाखातील दुपारी त्याची विचारपूस करावी, पाणी दिले का पाहावे.

सफेदीचा आरंभ प्रत्येक कुटुंबाने आजी-आजोबांच्या खोलीवरील गच्चीपासून करावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.