अंडीखाऊ साप : शेतावरील नोंदीचे मोल

भारतीय अंडीखाऊ सापाचे पहिले शास्त्रीय वर्णन १८६३ मध्ये रंगपूर (सध्या बांगलादेशात) येथील नमुन्यावरून झाले. पुढे त्याच्या नोंदी इतक्या तुरळक होत्या की तो अतिदुर्मीळ मानला गेला. २००३ मध्ये तो वर्धा जिल्ह्यात आढळला. त्यानंतर गुजरात, तेलंगणा येथूनही नोंदी झाल्या. एकेका स्थानिक निरीक्षणातूनच त्याच्या अधिवासाचा नकाशा विस्तारत गेला.

हा साप पक्ष्यांची अंडी गिळतो व मणक्यांच्या अणकुचीदार टोकांनी घशातच कवच फोडतो. माणसास तो घातक नाही. मात्र मण्यार समजून मारला जाण्याचा धोका असतो. त्याच्या गडद पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत फिकट उभा पट्टा असतो, तर मण्यारच्या अंगावर पांढरे आडवे पट्टे असतात. तरीही तज्ज्ञांनी खात्री करेपर्यंत साप विषारीच समजावा.

नोंद पुढीलप्रमाणे घ्यावी :

१. साप पकडू वा मारू नये; सुरक्षित अंतरावरून डोके, पाठ व संपूर्ण शरीराची छायाचित्रे घ्यावीत.

२. दिनांक, वेळ, गाव व जीपीएस स्थान लिहावे.

३. पीक, बांध, झाडे व जवळपासची घरटी नमूद करावीत.

४. रस्त्यावर मृत साप आढळल्यास स्पर्श न करता छायाचित्र घ्यावे. तीही नोंदच होय.

५. माहिती वनविभागास अथवा सर्पतज्ज्ञांस कळवावी.

स्थळ व दिनांक नसलेले छायाचित्र अभ्यासास अपुरे ठरते. विस्तार कार्यकर्त्यांनी ही बाब शेतकऱ्यांना आवर्जून सांगावी.