इंजिनाचा श्वास : पिकअप गाडीच्या हवा-मार्गातील बदल – एक अभ्यास

आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांत जसे शिक्षक, परिचारिका व अधिकारी आहेत, तसेच स्वतःची पिकअप चालवून कुटुंब उभे करणारेही आहेत. त्यांपैकी एकाने मला विचारले होते, "सर, इंजिनाला जास्त हवा मिळाली तर गाडी घाटात जास्त ओढेल ना?" मी इतिहासाचा शिक्षक; उत्तर मला ठाऊक नव्हते. मग आम्ही दोघांनी मिळून या विषयाचा अभ्यास केला. दुर्दैवाने त्याची खरेदी आधी झाली आणि अभ्यास नंतर. इतरांच्या बाबतीत हा क्रम उलटा व्हावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पूर्वपीठिका

अमेरिकेत फोर्ड कंपनीने 25 एप्रिल 1925 रोजी 'मॉडेल टी' गाडीला मालवाहू हौदा जोडून, कारखान्यातच तयार झालेली आपली पहिली पिकअप 281 डॉलरला बाजारात आणली. त्या काळच्या अनेक इंजिनांना हवा गाळण्याची सोयच नसे. पुढे तेलात धूळ पकडणारी गाळणी आली. जुन्या ट्रॅक्टरवरील 'ऑइल बाथ' आपल्या शेतकरी पालकांच्या परिचयाचा आहे. त्यानंतर कागदी घड्यांचा एअर फिल्टर रूढ झाला. कंपनीचा फिल्टर, त्याची पेटी व नळी काढून बाहेरच्या उत्पादकाचा संच बसवण्याची हौसही प्रामुख्याने अमेरिकेतीलच. आता ती मोबाईलच्या पडद्यावरून आपल्या गावोगावी पोहोचली आहे.

हवेचे गणित

एक लिटर डिझेल पूर्ण जाळण्यास किमान दहा हजार लिटर हवा लागते. हवा तापली की विरळ होते. 20 अंश सेल्सिअसच्या तुलनेत 60 अंशाच्या हवेची घनता सुमारे 12 टक्के कमी असते. म्हणून थंड हवा इंजिनाला हितकर, हे तत्त्व खरे आहे. परंतु बहुतेक आधुनिक गाड्यांत कंपनीची मूळ नळी बॉनेटखालची तापलेली हवा टाळून बाहेरचीच हवा घेते. टर्बो असलेल्या डिझेल इंजिनात टर्बो हवा दाबतो, दाबल्याने ती तापते आणि इंटरकूलर तिला पुन्हा थंड करतो. शिवाय डिझेल इंजिनाची ताकद मुख्यतः किती इंधन आत सोडले जाते यावर ठरते. त्यामुळे केवळ हवेची वाट रुंद केल्याने मोठा फरक पडण्याची अपेक्षा धरू नये. आवाज मात्र निश्चित वाढतो, आणि कान त्यालाच ताकद समजतो.

निवड करताना

पहिला प्रश्न असा, की जुना फिल्टर तुंबला आहे काय? तसे असेल तर कंपनीचा नवा फिल्टर हाच सर्वांत स्वस्त उपाय. तरीही संच घ्यायचाच असेल, तर पुढील बाबी पाहाव्यात.

1. उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर इंजिनाची गरम हवा ओढतो. बंद पेटी किंवा उष्णतारोधक पत्रा असलेला संच बरा.
2. तेल लावलेला सुती फिल्टर धुऊन पुन्हा वापरता येतो. पण तेल जास्त झाल्यास ते हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या सूक्ष्म तारेवर बसून मोजणी चुकवते. धुळीच्या रस्त्यांसाठी कोरडा फिल्टर निवडणे अधिक सुरक्षित.
3. नळीचे तोंड बंपरजवळ खाली नसावे. पावसाळ्यात ओढ्याचे पाणी आत गेले तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.
4. संच नेमक्या त्याच मॉडेलसाठी असावा. कॅलिफोर्नियात अशा सुट्या भागांना हवा-प्रदूषण मंडळाचा मंजुरी क्रमांक लागतो. आपल्याकडे मोटार वाहन कायदा, 1988 चे कलम 52 वाहनातील फेरफारांवर बंधन घालते. म्हणून परिवहन कार्यालय, विमा आणि वॉरंटी यांविषयी आधी लेखी विचारणा करावी.

बसवताना

इंजिन थंड असावे. बॅटरीची ऋण तार सोडवावी. मूळ जोडणीचे छायाचित्र काढून ठेवावे. नळी निघताच टर्बोच्या उघड्या तोंडावर स्वच्छ फडके घालावे आणि जोडणीपूर्वी ते आठवणीने काढावे. सेन्सरच्या तारेला बोट लावू नये. त्यावरील बाण हवेच्या प्रवाहाच्या दिशेनेच हवा. इंजिनातील वाफ नेणारी छोटी नळी पुन्हा जोडावी. क्लिपा रबर कापणार नाहीत इतक्याच, पण घट्ट आवळाव्यात. बॉनेट कोठे घासत नाही ना, हे पाहावे. इंजिन सुरू करून फुसफुस ऐकू येते का, याकडे लक्ष द्यावे. शंभरेक किलोमीटरनंतर सर्व क्लिपा पुन्हा तपासाव्यात. मूळ भाग भंगारात देऊ नयेत.

पडताळा

आमचा हा विद्यार्थी जुन्नरहून माळशेज घाटाने वाशीच्या बाजारात भाजी नेतो. नव्या संचाने आवाज भरदार झाला. गाडी मात्र घाटात पूर्वीइतकीच ओढत होती. काही महिन्यांनी नळी उघडून त्याने फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे जिथे गाळलेलीच हवा असायला हवी त्या भागात बोट फिरवले. बोटाला मऊ, तांबूस धूळ लागली. एक क्लिप तिरकी बसली होती. नखाएवढ्या फटीतून न गाळलेली हवा आत जात होती. धुळीतील वाळूचे कण पोलादाहूनही कठीण असू शकतात. ते सिलिंडर व पिस्टनच्या रिंगा खरवडतात, टर्बोची पाती झिजवतात. गाडीचे हप्ते अजून बाकी होते. त्या रात्री त्याने मूळ पेटी परत बसवली. सुदैवाने इंजिन वाचले. "सर, मी आवाजाला भुललो," तो म्हणाला. ही कबुली देण्यास धैर्य लागते. त्याच्या परवानगीनेच ती येथे नोंदवली आहे.

इतिहासाच्या अभ्यासात आम्ही शिकवतो की, कोणाचेही विधान पुराव्याविना स्वीकारू नये. यंत्रालाही तोच न्याय लावावा. बदलापूर्वी तोच रस्ता, तेवढेच ओझे, टाकी भरून अॅव्हरेज आणि चढाला लागलेला वेळ वहीत नोंदवावा. बदलानंतर पुन्हा तेच मोजावे. वहीतील आकडे हलले नाहीत, तर पैसे आवाजावर खर्च झाले असे समजावे. ज्यांचा संसार एका इंजिनावर चालतो, त्यांना ही एक वही कोणत्याही महागड्या संचाहून अधिक उपयोगी पडेल.