पडद्यावरचं ‘पाठवला’ खरं मानू नका

मे महिना होता. जळगावात पारा ४४च्या पुढे गेलेला, आणि तिकडे शिरपूरजवळ काकांच्या केळीला रोज पाणी हवं होतं. काका मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी धुळ्याला आलेले. थ्री-फेज वीज त्या आठवड्यात रात्रीची होती. विहिरीवर मोबाइल स्टार्टर बसवलेला होता; ठरलेला एसएमएस गेला की मोटर सुरू व्हायची. मी काकांना म्हणालो, “तुम्ही निवांत राहा. माझा संगणक रोज रात्री मेसेज पाठवेल.”

संगणकाला सिमकार्डवाला यूएसबी मोडेम जोडला, छोटा प्रोग्राम लिहिला. तीन रात्री पडद्यावर ‘संदेश पाठवला’ ही ओळ उमटली आणि मी झोपायला गेलो. चौथ्या दिवशी काका मळ्यात पोहोचले. फोनवर एवढंच म्हणाले, “भाऊ, मोटर चालूच नही व्हयनी.” पानं माना टाकून लोंबत होती. त्या हंगामात काही घड नीट भरलेच नाहीत.

चूक शोधली तेव्हा कळलं, ‘संदेश पाठवला’ ही ओळ मोडेमची नव्हतीच. ती माझ्याच प्रोग्रामनं छापली होती. मोडेम काय म्हणाला, ते मी वाचलंच नव्हतं.

मोडेमशी बोलायचे हे हुकूम ‘एटी’नं सुरू होतात. एटी म्हणजे अटेन्शन, ‘लक्ष दे’. १९८१ साली हेज कंपनीच्या मोडेमपासून ही पद्धत रुळली आणि आजचे सिमकार्डवाले मोडेमही तीच मानतात. पण हा संवाद आहे. तुम्ही एक वाक्य बोलायचं, उत्तर येईपर्यंत थांबायचं, मगच पुढचं. एसएमएसचा हुकूम आणि नंबर दिला की मोडेम ‘>’ ही खूण दाखवतो. मजकूर त्यानंतरच द्यायचा आणि शेवटी कंट्रोल-झेड. माझा प्रोग्राम खुणेची वाट न पाहता मजकूर ढकलत होता, आणि शेवटी कंट्रोल-झेडऐवजी एंटर देत होता. त्यामुळे मोडेम मजकूर संपायची वाट बघत अडकून बसायचा, आणि पुढचे हुकूमही मजकूर समजून गिळायचा.

हे काम करणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं असं.

आधी प्रोग्राम लिहूच नका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये मोडेमचा कॉम पोर्ट पाहा, टर्मिनल उघडा आणि हातानं ‘एटी’ टाइप करा. ‘ओके’ आलं तरच पुढे जा. मग एटी+सीपिन? विचारा, ‘रेडी’ यायला हवं. पिन अंदाजानं टाकू नका, तीन चुकांनंतर सिम पीयूके मागतं. एटी+सीएसक्यूनं रेंज पाहा: ० ते ३१ मधला आकडा जितका मोठा तितकं बरं, ९९ म्हणजे रेंज कळतच नाही. एटी+सीआरईजी?च्या उत्तरात दुसरा आकडा १ किंवा ५ असेल तर मोडेम नेटवर्कला जोडलेला आहे. एटी+सीएमईई=२ दिलं की नुसत्या ‘एरर’ऐवजी कारण शब्दांत येतं.

मजकूर मराठीत असेल तर एका एसएमएसमध्ये १६० नव्हे, ७०च अक्षरं मावतात, आणि काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात. स्टार्टरचा हुकूम इंग्रजी अक्षरांतच ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: मेसेजनंतरचं ‘ओके’ म्हणजे नेटवर्कनं तो घेतला, एवढंच. मोटर फिरली याचा तो पुरावा नाही. पुरावा म्हणजे स्टार्टरकडून उलट आलेला एसएमएस. तो वाचा, वाचून झाल्यावर पुसा; सिमची जागा भरली की नवे मेसेज आत येत नाहीत.

आता माझा प्रोग्राम ते उलट उत्तर दहा मिनिटांत आलं नाही, तर माझा फोन वाजवतो. मग मी शिरपूरच्या शेजाऱ्यांना उठवतो. रात्री दोन वाजता कुणाला उठवायला संकोच वाटतो, पण चौथ्या दिवशीची ती केळी आठवली की मी नंबर लावतोच.