लाल दिवा आणि श्रवणभक्ती



आजचं वाचन: दासबोध, दशक ४, समास १. नवविधा भक्तीतली पहिली भक्ती, श्रवण. या समासात समर्थ ‘काय काय ऐकावं’ याची एवढी लांब यादी देतात की पहिल्यांदा वाचताना मी चक्क स्क्रोल करून पुढे गेलो होतो. यादीच्या शेवटी मात्र मुद्दा येतो: हे सगळं ऐका, मग त्यातलं सार घ्या, असार सोडा. निवड ऐकून झाल्यावर करायची. मी ती आधीच करतो, हे मला कर्जतच्या एका फोनने दाखवलं.

माझं घर खोपोलीचं. कॉलेजात असताना कर्जत-खोपोली लोकलमध्ये दहिवलीच्या एका काकांशी ओळख झाली, ती अजून टिकून आहे. गेल्या जुलैत, धो धो पावसात, रात्री आठला त्यांचा फोन आला. मी पुण्यात, समोर लॅपटॉप, अर्ध लक्ष ऑफिसच्या कॉलवर.

“अरे बाळा, दुपारी कपाट सरकवलं ना, तेव्हापासून नेट गेलंय. नऊला टोरोंटोहून नातीचं बारसं दाखवणार आहेत.”

मी ऐकलं फक्त ‘नेट गेलंय’. “काका, राउटर बंद करून चालू करा.”

त्यांच्या घरात मोबाइलला रेंज नाही, फक्त पडवीत एखादी कांडी येते. म्हणजे मी काही सांगायचं, मग एकाहत्तर वर्षांच्या माणसाने आत जायचं, करायचं आणि परत पडवीत येऊन सांगायचं. हे मला तिसऱ्या फेरीला कळलं, आणि तरी मी सांगतच राहिलो. वायफाय विसरून परत जोडा. पासवर्ड पुन्हा टाका. शेवटी, “मागे बारीक भोक आहे, त्यात टाचणीने दहा सेकंद दाबून धरा.”

आयटीतल्या मित्रांनो, तुम्हाला इथेच धस्स झालं असेल. रिसेट केल्यावर राउटरमधलं कनेक्शनचं युजरनेम आणि पासवर्डही उडतात. ते काकांकडे लिहिलेले नव्हते आणि ऑपरेटरचं ऑफिस बंद झालं होतं.

पावणेनऊला मी पहिल्यांदा प्रश्न विचारला. “काका, कोणते दिवे लागलेत?”

ते आत जाऊन आले. “एक लाल लुकलुकतोय. खाली लिहिलंय एल, शून्य, एस.”

ते शून्य नव्हतं. एल-ओ-एस, म्हणजे फायबरमधून येणारा प्रकाशच डब्यापर्यंत पोचत नाहीये. फायबर म्हणजे केसाएवढी बारीक काच. प्रकाश तिच्या आतल्या आत परावर्तित होत पुढे जातो. काच फार दुमडली की तो तिथेच बाहेर गळतो. तिथे पासवर्डचा काय संबंध? ही वायर उघडी पडली तर तिच्या टोकात डोळा लावून बघू नका, हेही जाता जाता सांगतो. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

आणि तेव्हा मला कपाट आठवलं. टीव्हीसमोर बसायला जागा व्हावी म्हणून दोघांनी ते भिंतीला टेकवलं होतं, आणि मागे वायर काटकोनात दुमडली गेली होती. काका-काकूंनी कपाट पुढे ओढलं. लाल दिवा विझला, शेजारचा हिरवा स्थिर झाला. नेट मात्र आलं नाही. दुमडलेली वायर दोन मिनिटांत सरळ झाली, मी पुसलेलं सकाळपर्यंत परत येणार नव्हतं.

“काका, हे माझ्यामुळे झालं,” मी म्हणालो. ते म्हणाले, “राहू दे. फोन ठेव, मुलीला लावायचाय.”

पुढचं मला दुसऱ्या दिवशी कळलं, ऑपरेटरचा मुलगा येऊन सेटिंग टाकून गेल्यावर. काकू नऊवारी नेसून टीव्हीसमोर बसणार होत्या, त्या पडवीत खुर्ची टाकून बसल्या. मुलीने साधा फोन पाळण्याजवळ धरला होता. पाळणा त्यांना बऱ्यापैकी ऐकू आला. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं, ते पत्र्यावरच्या पावसात गेलं. मग मुलीने मोठ्याने सांगितलं, तेही नीट कळेना. तिसऱ्यांदा कळलं.

“ईश्वरी,” काका मला म्हणाले. “तुला ऐकू आलं ना?”

मी लॅपटॉप मिटून पुन्हा विचारलं.

उद्या समास २, कीर्तन.