रेझिनच्या कामासाठी जुना प्रेशर पॉट : आधी पाणी, मग हवा



आमच्या वढू बुद्रुकच्या मुलांना बिया, शेंगा, मेलेले भुंगे गोळा करायचा भारी नाद. बरणीत ठेवलं की कीड लागते, हाताळलं की तुटतं. म्हणून मी ते वाळवून पारदर्शक रेझिनमध्ये बसवायला लागले. पहिला ठोकळा पाहून चौथीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, यात नुसते बुडबुडेच दिसतायत, भुंगा कुठंय?"

तिथून माझा प्रेशर पॉटचा शोध सुरू झाला.

बुडबुडे जातात कुठे?

रेझिन आणि हार्डनर ढवळताना हवा आत शिरते. मिश्रण मधासारखं दाट, त्यामुळे ती सहज बाहेर येत नाही. साचा बंद टाकीत ठेवून आत हवा दाबली की बुडबुडे आक्रसतात. दाब वाढला की वायूचं आकारमान कमी होतं, हा बॉईलचा नियम (१६६२). टाकीच्या मीटरवर ४० पाउंड दाब असेल, तर त्यात वातावरणाचे सुमारे १५ मिळवायचे. म्हणजे दाब जवळजवळ पावणेचार पट आणि बुडबुडा साधारण पाव हिस्सा. लहान बुडबुडे मग डोळ्याला दिसेनासे होतात. पण रेझिन त्याच दाबात घट्ट व्हायला हवं. आधीच हवा सोडली, तर बुडबुडे परत फुगतात.

"कुकरसारखंच आहे, बाई"

रंगाच्या फवारणीला वापरतात ती प्रेशर टाकी या कामाला चालते. आमच्याजवळ सणसवाडी, रांजणगावचे कारखाने. पुण्यात जुना बाजारही आहे. जुना माल बघायला मिळतो. एका दुकानात स्वस्तात टाकी मिळत होती. झाकण उघडून पाहिलं, तर सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी चक्क बोल्ट ठोकलेला! दुकानदार म्हणाले, "काही होत नाही, कुकरसारखंच आहे."

घरी येऊन वहीत गणित मांडलं. झाकणाचा व्यास २४ सेंमी, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ४५२ चौरस सेंमी. ४० पाउंड म्हणजे दर चौरस सेंमीला २.८ किलो. गुणाकार आला १,२६५ किलो. झाकणाला आतून सव्वा टनाचा रेटा! घरच्या कुकरचा दाब साधारण १ किलो प्रति चौरस सेंमी असतो, तरी त्याला शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह असे दोन राखणदार. ती टाकी मी सोडून दिली. आणि हो, घरचा कुकर या कामाला कधीही वापरू नका.

घेताना काय पाहावं?

१. कमाल दाब कोरलेली पट्टी. ती नसेल तर टाकी घेऊ नये.
२. आतून-बाहेरून गंज, पोचा, चीर किंवा नंतर केलेलं वेल्डिंग नको.
३. झाकणाचे सगळे स्क्रू आणि त्यांचे आटे शाबूत हवेत.
४. रबरी गॅस्केट कडक झालं असेल तर नवं घ्यावं.
५. मीटर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह नवेच बसवावेत. इथे काटकसर नको.

लावताना

दुसरी टाकी मिळाली, पट्टीवर कमाल ६० पाउंड. रंग ओढायची आतली नळी काढून ते भोक प्लगने बंद केलं. नवा सेफ्टी व्हॉल्व्ह बसवण्याआधी फॅब्रिकेशनवाल्या दादांकडून पाण्याची चाचणी करून घेतली. टाकी काठोकाठ भरली, आत हवा राहू दिली नाही आणि हातपंपाने दाब ६० पर्यंत नेऊन अर्धा तास ठेवला. काटा हलला नाही, कुठे पाझर नाही.

पाणीच का? पाणी जवळजवळ दाबलं जात नाही. टाकी तडकली तरी थोडं पाणी उडून दाब उतरतो. दाबलेली हवा मात्र ताणलेल्या स्प्रिंगसारखी. सुटली की पत्र्याचे तुकडे घेऊन सुटते.

मग ५० पाउंडाला उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह बसवला, रेग्युलेटर ४० वर ठेवला. झाकणाचे स्क्रू समोरासमोरच्या जोडीने आवळायचे. साबणाच्या पाण्याने सांधे तपासायचे. हवा भरली की व्हॉल्व्ह बंद, म्हणजे रात्री लाईट गेली तरी दाब टिकतो. माझं रेझिन घट्ट व्हायला २४ तास लागतात. हवा हळूहळू सोडायची आणि काटा शून्यावर आल्याशिवाय स्क्रूला हात लावायचा नाही. रेझिन ओतताना हातमोजे आणि मोकळी हवा हवीच.

वर्गात काय न्यायचं?

टाकी मी शाळेत नेत नाही. ती घरामागच्या शेडमध्ये, कुलपात. मुलांसाठी सुई नसलेली २० मिलीची सिरिंज पुरते. आत किंचित फुगवून गाठ मारलेला छोटासा फुगा टाका, तोंड बोटाने बंद करा, दट्ट्या १० पर्यंत दाबा. फुगा आक्रसतो. दट्ट्या सोडा, फुगा पूर्ववत. "आत्ता बुडबुडा कुठे गेला?" हे मुलंच सांगतात.

दुसऱ्या ठोकळ्यात भुंग्याचे सहाही पाय मोजता आले. मोजले त्याच मुलीने.